मास्तरांचा पाय

डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट ठणकायला लागलं तेव्हा मास्तरांनी सगळा दोष पायमशीनला दिला. "इतकी वर्षं पायडल मारतोय. मशीनला तेल लागतं, मला नको?" असं म्हणून त्यांनी बोटाला तेल चोळलं आणि पुन्हा कामाला बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. गल्लीच्या टोकाला एका जुन्या इमारतीच्या जिन्याला लागून त्यांचं दुकान होतं. आत दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, भिंतीवर माणसाएवढा आरसा. मास्तर फक्त कोट शिवत. बाकीचं, म्हणजे काजं, बटणं, अस्तर आणि सगळी हातशिलाई, त्यांची बायको करायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत आणि हळूहळू सगळी गल्लीच म्हणायला लागली. मास्तरांच्या हातचा कोट घातला की माणूस चार शब्द कमी बोलायला लागतो, असं लोक म्हणत. कोटच पुरेसं बोलायचा.

मास्तरांना सिगरेट लागायची, पण दुकानात त्यांनी कधी ओढली नाही. परक्याच्या कापडाला वास लागू द्यायचा नाही, हा नेम. ते बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसत. शेजारी चावीवाल्याची टपरी होती. तोही ओढणारा. दोघं फारसं न बोलता ओढत आणि आपापल्या कामाला परत जात. कोट कापून झाला की एक, कच्चा दोरा घालून झाला की एक, बाही चढली की एक. सिगरेट म्हणजे त्यांच्या कामातला पूर्णविराम होता.

मग मास्तर चालताना थांबायला लागले. घरून दुकानात येताना अर्ध्या वाटेत पोटरी दगडासारखी व्हायची. ते कुणाला सांगायचं नाही म्हणून ते एखाद्या दुकानासमोर उभे राहून काचेत बघत बसत. वहिनींच्या लक्षात आलं, कारण ज्या माणसाने जन्मात पातेल्याकडे पाहिलं नव्हतं तो रोज भांड्यांच्या दुकानासमोर उभा राहत होता.

"काय घ्यायचंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"कुठे काय? बघतोय नुसता."

"मग रोज तेच झाकण काय बघता? पाय दाखवा."

बोट जांभळं पडलं होतं आणि नखाच्या कडेला एक लहानशी जखम होती. कितीतरी दिवसांची असावी. वहिनी त्यांना तशाच इस्पितळात घेऊन गेल्या.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण बोलणं नेमकं. त्यांनी मास्तरांच्या पावलावर दोन बोटं ठेवली, घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवली, पुन्हा पावलावर ठेवली. मग वहिनींचा हात धरून त्यांची बोटं तिथेच टेकवली.

"काही लागतंय?"

"नाही."

"लागायला हवं. इथे नाडी असते." त्या हात धुवायला उठल्या. "किती ओढता?"

"अशाच, थोड्या," मास्तर म्हणाले.

"थोड्या म्हणजे पाकीट संपेपर्यंत," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. हा तंबाखूनेच होणारा आजार. हातापायांच्या नसा आतून सुजतात आणि बंद होत जातात. औषधं आहेत, पण सिगरेट चालू असेपर्यंत ती म्हणजे गळक्या घागरीत पाणी. "बंद केलीत तर बहुतेकांचे पाय वाचतात. नाही केलीत तर बहुतेकांचे जातात. मधलं काही नाही."

"कमी केल्या तर?"

"एकसुद्धा हा आजार जागा ठेवायला पुरते."

"त्या पट्ट्या मिळतात म्हणे, दंडाला चिकटवायच्या. नाहीतर ते चघळायचं..."

"त्यातही निकोटिनच असतं. दुसऱ्यांना देते मी. तुम्हाला नाही देता येणार. एक गोळी देते, त्याने ओढ जरा बोथट होईल. पण तुम्हाला हे कोरडंच सोसावं लागणार आहे."

इस्पितळाच्या फाटकाबाहेर आल्यावर मास्तर थांबले आणि खिशातून पाकीट काढलं. वहिनी बघतच राहिल्या.

"शेवटची," ते म्हणाले.

वहिनींनी तोंड फिरवलं. शेवटची आहे तर ओढू देत, असं त्यांना त्या वेळी खरंच वाटलं. उरलेलं पाकीट मास्तरांनी स्वतः चुरगळून गटारात टाकलं. त्यात काही खोटं नव्हतं.

*

मास्तरांनी सिगरेट सोडली. दुकानात पहिल्यासारखंच यायचे, पण चेहरा असा की गिऱ्हाइकं मापं द्यायला कचरत.

सिगरेटची तल्लफ घशात येते असं न ओढणाऱ्यांना वाटतं. मास्तरांना ती जबड्यात यायची. दात शिवशिवायचे, तळहाताला घाम सुटायचा आणि सगळं अंग कुणीतरी उलटं शिवून आपल्याला घातलंय असं वाटायचं. ते तरी ओळखता यायचं. खरी फसवी तल्लफ सिगरेटचं नावच घ्यायची नाही. ती एखादं कारण घेऊन यायची. बाहेर आभाळ आलंय का बघू. चावीवाल्याला कडीचं विचारायचंय. बसून पाठ अवघडली. मास्तर पायरीपर्यंत जायचे आणि तिथे पोहोचल्यावर त्यांना कळायचं की आपण कशाला आलो. मग तसेच परत फिरायचे.

चावीवाल्याने बिचाऱ्याने त्यांच्यासमोर ओढणं बंद केलं. तो इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ओढायचा आणि तोंड धुऊन यायचा.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते, तेवढा वेळ हाताला काम द्या. मास्तरांनी ते शब्दशः घेतलं. लाट आली की ते एक चिंधी घ्यायचे आणि तिच्यावर हाताने काज करायचे. बारीक, घट्ट, एकसारखे टाके. ओठांत टाचण्या धरायचे, म्हणजे ओठांनाही काहीतरी. वहिनी एक दिवस खण आवरायला गेल्या तर त्यात अशा चिंध्या ठासून भरलेल्या. बटणाचा पत्ता नाही आणि काजंच काजं. त्यांना हसू आलं, आणि मग तिथेच खाली बसावं इतकं वाईट वाटलं.

एका दुपारी मास्तरांनी कोटाच्या पुढच्या दोन्ही बाजू डाव्याच कापल्या. शिकाऊ माणूसही असं करत नाही. कापड गिऱ्हाइकाचं, भारी लोकरीचं. मास्तर त्या दोन डाव्या बाजूंकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, खाली वाकले आणि टेबलाखाली जाऊन बसले. एवढा मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन.

वहिनींनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि शेजारी जमिनीवर बसल्या.

"मला कोट दिसत नाही," मास्तर म्हणाले. "कापड हातात घेतलं की आधी कोट दिसायचा. आता नुसतं कापड दिसतं."

"दिसेल."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही. पण तुम्ही बाहेर या, इथे दोरे चिकटतात."

वहिनींनी बाजार पालथा घालून तसंच कापड मिळवलं. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही.

आणि हळूहळू जखम सुकायला लागली. आधी कडा, मग मधला भाग. पोटरीतला दगड विरघळला. मास्तर भांड्यांचं दुकान न थांबता ओलांडायला लागले. एक दिवस जेवताना त्यांनी आमटीत मीठ जास्त आहे म्हणून तक्रार केली, तर वहिनी म्हणाल्या, "तेवढंच असतं नेहमी. तुमची जीभ परत आलीय." डॉक्टरबाईंनी पाऊल तपासलं, मान हलवली, आणि पहिल्यांदा त्या मोकळं हसल्या. "असंच चालू ठेवा."

*

त्याच सुमारास एक ग्रंथपाल कोट शिवायला आले. लवकरच निवृत्त होणार होते, समारंभ होता. त्यांच्या पाठीला लहानपणापासून बाक. एक खांदा वर, एक खाली. आजवर घातलेला प्रत्येक कोट मागून उचलला जायचा आणि पुढून लोंबायचा.

मास्तरांनी त्यांची मापं घेतली तेव्हा वहिनींना त्यांचे जुने डोळे दिसले. कामात बुडालेले. मास्तरांनी पाठीचा भाग तीनदा उसवला. एका खांद्यात भर घातली, दुसऱ्यातली काढली, मागची शिवण सरळ न नेता बाकासोबत वळवली. तल्लफ आली, त्यांना कळलीही नाही.

ग्रंथपालांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. मग बाजूने वळून पाहिलं, दुसऱ्या बाजूने वळून पाहिलं.

"हा पहिला कोट," ते म्हणाले, "जो माझी चेष्टा करत नाही."

ते गेले. वहिनी बटणं आणायला बाहेर गेल्या होत्या. मास्तर रिकाम्या दुकानात उभे होते आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्या बरं वाटण्याचं काय करावं ते कळेना. दुःखाच्या, रागाच्या, कंटाळ्याच्या वाटेवर त्यांनी पहारा ठेवला होता. आनंदाच्या वाटेवर कुणीच उभं नव्हतं.

ते पाण्याच्या टाकीपाशी गेले. चावीवाला तिथे ओढत होता.

"एक दे."

"नाही देणार. वहिनी माझ्याच चाव्या माझ्या घशात घालतील."

"अरे, एकच. वाईट वाटतंय म्हणून मागत नाही. आज छान झालंय म्हणून मागतोय."

चावीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर हसत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते. त्याने दिली. पुढे कितीतरी वेळा तो म्हणायचा की माणूस रडत असता तर दिली नसती.

ती चांगलीसुद्धा लागली नाही. गरगरलं, तोंड कडू झालं. मास्तरांना वाटलं, सुटलो, आता चवच गेलीय हिची. हे तपासून बघायला दुसऱ्या दिवशी आणखी एक ओढली. ती चांगली लागली.

मग लवंगा आल्या, साबणाने हात धुणं आलं, शर्ट बदलणं आलं. पण वहिनींना वास आला नाही तो लवंगांमुळे नाही. मास्तरांची चिडचिड थांबली होती. ते गुणगुणायला लागले, बायकोची थट्टा करायला लागले. वहिनींनी फोनवर आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं, "ताई, सुटली बहुतेक. पहिल्यासारखे झालेत गं अगदी."

बोट काळं पडलं ते पुढच्या थंडीत.

डॉक्टरबाईंनी पट्टी उलगडली. पायाकडे थोडाच वेळ पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

मास्तर छताकडे बघत होते. वहिनींनी एकदा डॉक्टरबाईंकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

बोट काढलं. त्याच्या शेजारचंही काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर मास्तर रडले आणि त्यांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ..."

वहिनींनी हात उचलून चादरीवर ठेवला. "माझी नको. मला अजून जगायचंय."

*

पट्टी बदलायला दर आठवड्याला इस्पितळात जावं लागे. मास्तर काठी टेकत चालत. एका सकाळी वहिनी औषधांच्या रांगेत उभ्या होत्या. परत आल्या तर बाकावर मास्तर नव्हते.

फाटकाबाहेर वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा होता. आत येणारे लोक त्यात सिगरेटी विझवत. वहिनींना मास्तर तिथे दिसले. काठी भिंतीला टेकवलेली, एका पायावर तोल सावरत ते डब्यावर वाकले होते आणि वाळूतली थोटकं चाळत होते. गडबड नव्हती. गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळणारा दोरा निवडावा तसे ते एकेक उचलून लांबी बघत होते. त्यातल्या त्यात लांब एक सापडलं. त्याला कुणा बाईच्या ओठांचा लाल रंग होता. मास्तरांनी ते आपल्या बाहीला पुसलं आणि एका येणाऱ्या माणसाकडे काडी मागितली.

त्यांच्या अंगात त्यांनी स्वतः शिवलेला राखाडी कोट होता. त्या माणसाने काडी पेटवून देताना त्यांना "साहेब" म्हटलं.

वहिनी पुढे गेल्या नाहीत. बाकावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने मास्तर आले.

"कुठे गेला होतात?"

"जरा पाय मोकळे करायला."

घरी आल्यावर वहिनींनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली आणि समोर बसल्या.

"मी बघितलं तुम्हाला. त्या डब्यापाशी."

मास्तरांनी पायाखालची उशी सरळ केली.

"मला भांडायचं नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय. तुम्हाला पाय नकोय का?"

"हवाय."

"मग?"

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. ते चुकवत नव्हते, खरं उत्तर शोधत होते. "तुला वाटतं, मी पाय आणि सिगरेट समोरासमोर ठेवतो आणि सिगरेट उचलतो. तसं असतं तर मी पायच उचलला असता गं. त्या वेळी पाय समोर नसतोच. दुसरं काहीच नसतं."

"मी असते ना?"

"तूही नसतेस."

वहिनींनी मान हलवली, एखादं माप लक्षात ठेवल्यासारखी. दोन दिवसांचं जेवण करून ठेवलं, कपडे भरले आणि ताईकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी नसतेच, तर मग नसते."

*

बायको गेल्यावर मास्तरांनी जे केलं ते त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. ते चावीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "मला सकाळी दुकानात कोंड. बाहेरून कुलूप लाव. दिवेलागणीला उघड. मी काहीही म्हटलं तरी मधे उघडायचं नाही."

"मास्तर, हे बरं दिसत नाही."

"बरं दिसायचे दिवस गेले. तू टाकीपाशी दिलीस, आता एवढं कर."

हे त्याला लागलं. त्याने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं कुलूप आणलं. सकाळी मास्तर आत जात, तो शटर ओढून कुलूप घाली. खाली दोन बोटांची फट राही, तेवढा उजेड. आत दिवा लावून मास्तर काम करत. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी शटर वाजवलं. आधी सहज, मग जोरात. मग शिव्या दिल्या. मग विनवण्या केल्या, चावीवाल्याच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं. चावीवाला शटरला पाठ लावून पायरीवर बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तर "मास्तर आजारी आहेत" सांगत राहिला. ते काही खोटं नव्हतं. संध्याकाळी कुलूप काढलं तेव्हा मास्तर घामाने भिजलेले, पण त्यांनी चावीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या पण," म्हणाले.

असं बरेच दिवस चाललं. आवाज कमी होत गेले. चावीवाल्याने ताईकडे फोन करून वहिनींना सांगितलं, "वहिनी, या वेळी होईल असं वाटतंय." वहिनी म्हणाल्या, "बरं." त्यांच्या आवाजावरून काही कळलं नाही.

मग एके दिवशी चावीवाल्याला एका घराचं अडकलेलं कुलूप उघडायला जावं लागलं. तेवढ्यात कोट न्यायला एक गिऱ्हाईक आलं. शटर बंद, पण आत मशीन चालू.

"मास्तर, आत आहात का? कोट न्यायचा होता."

मशीन थांबलं. "कोट तयार आहे," मास्तर शटरच्या फटीशी तोंड आणून म्हणाले. "तुमच्याकडे सिगरेट आहे? एक आत सरकवा. आणि काडेपेटी."

माणसाला गंमत वाटली. त्याने दोन सरकवल्या आणि कोटासाठी संध्याकाळी येतो म्हणून निघून गेला.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात सिगरेट पेटवली. एक संपली. दुसरी ओढताना त्यांना गुंगी आली असेल, किंवा पायाची कळ आली असेल, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. हातातून ठिणगी अस्तराच्या ताग्यावर पडली. त्या गुळगुळीत कापडाला आग लागायला वेळ लागत नाही.

चावीवाला गल्लीत वळला तेव्हा शटरखालून धूर येत होता. त्याने धावत येऊन कुलूप काढलं. मास्तर कोटाच्या कापडाने आग झोडपत होते. तागा जळून गेला, टेबलाची एक बाजू काळी पडली, त्या माणसाचा तयार कोट बाहीपासून खांद्यापर्यंत भाजला. मास्तरांना काही झालं नव्हतं. फक्त धावपळीत डावा पाय टेबलाच्या पायावर आपटला होता आणि बोटांच्या जागची बुजत आलेली जखम पुन्हा फाटली होती.

वहिनी त्याच संध्याकाळी आल्या. चावीवाला अपराध्यासारखा दारात उभा होता.

"मी कुलपं बनवतो वहिनी," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

"तुमचं काही चुकलं नाही भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि झाडू घेऊन राख भरायला लागल्या.

ती जखम पुन्हा बुजली नाही. काळं वर चढत गेलं आणि डॉक्टरबाईंनी गुडघ्याच्या खाली पाय काढला. शस्त्रक्रियेआधी त्या वहिनींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी यांच्यावर चिडत नाही. तुम्हीही चिडू नका. काहींना नाही सुटत. का ते मला सांगता येत नाही."

*

आता पायमशीन वहिनी चालवतात. मोटर बसवून घेतलीय. मास्तर उंच स्टुलावर बसून कापतात आणि वहिनींना कोट शिकवतात, कारण मागच्या थंडीपासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडायला लागली आहेत. डॉक्टरबाईंनी मनगटावर बोटं ठेवून पाहिली आणि त्यांना जे आधी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. आवाज फक्त थकलेला होता.

परवा सकाळी दुकान उघडल्यावर मास्तर म्हणाले, "आज नाही ओढणार."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

"कुबड्या तिकडे ठेव. आरशामागे. माझ्या हाताला नकोत."

वहिनींनी ठेवल्या. त्यांनी काही विचारलं नाही, शाबासकी दिली नाही. आशा धरायची तर आधी ती कुठेतरी ठेवायला जागा लागते, आणि त्यांच्याकडे ती उरली नव्हती. पण दिवस चांगला गेला. मास्तरांनी त्यांना बाही चढवायला शिकवली. बाहीचा घेर खांद्याच्या भोकापेक्षा मोठा असतो. तो जादा घेर एकही चुणी न पडता आत जिरवायचा, हीच त्यातली सगळी मेख. वहिनींची चुणी पडली. त्यांनी उसवली. पुन्हा पडली.

"कापडाला ढकलू नको," मास्तर म्हणाले. "त्याला वाटलं पाहिजे की ते आपल्या मनाने चाललंय."

"नवऱ्यासारखं म्हणायचं."

मास्तर खरोखर हसले. तिसऱ्या वेळी बाही बसली. अगदी मास्तरांसारखी नाही, पण बसली. त्यांनी कोट उजेडात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "छान झालीय."

छान झाल्यावर काय होतं ते वहिनींना आता ठाऊक होतं. दुसरी बाही जोडायला त्या मशीनवर वाकल्या आणि त्यांनी मुद्दाम वर पाहिलं नाही.

थोडा वेळ गेला.

"कुबड्या दे," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. अलीकडे त्यांनी खोटं बोलायचं सोडलं होतं. तेवढंच सुटलं होतं.

"सकाळी तुम्हीच म्हणालात, ठेव म्हणून."

"म्हणालो."

वहिनींनी टीप चालू ठेवली. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं. मास्तरांनी टेबलाची कड धरून स्वतःला खाली सोडलं होतं. एक हात जमिनीवर टेकलेला, दुमडलेला पँटचा पाय मागे घसटत, ते दाराच्या दिशेने सरकायला लागले होते. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. एखादं काम उरकायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता. दारापासून पायरीपर्यंत सगळी गल्ली बघणार होती.

वहिनी उठल्या. आरशामागून कुबड्या काढल्या, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, एक कुबडी एका बगलेत दिली, दुसरी दुसऱ्या. शर्टाला लागलेली धूळ झटकली.

"पायरी सांभाळा," त्या म्हणाल्या. "ओली आहे."

मास्तर बाहेर गेले. वहिनींनी दिवा जवळ ओढला, दुसऱ्या बाहीला टाचण्या लावल्या आणि पुन्हा शिवायला बसल्या.